कोऱ्या चिठ्ठीचं रान

चिठ्ठ्या देवळात टाकायची कल्पना राजनंदिनीची नव्हती. त्या कल्पनेला नाही म्हणायचं राहून गेलं, हे मात्र तिचंच.

कळंब्याचा तलाव मागं टाकून आत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या सहा जणांनी उसातला वीस-वीस गुंठ्यांचा तुकडा तिच्या प्रयोगाला द्यायचं कबूल केलं होतं. प्रयोग हुमणी या किडीचा होता. वळवाचा पाऊस झाला की जमिनीतून भुंगेरे निघतात, बाभळी-कडुलिंबाचा पाला खातात आणि परत मातीत शिरून अंडी घालतात. त्यातून निघालेली पांढरी, वाकडी अळी मग पावसाळाभर उसाच्या मुळ्यांवर जगते. वरून ऊस हिरवागार असतो. तो पिवळा पडायला लागतो तेव्हा खाली अळी करंगळीएवढी झालेली असते, आणि त्यानंतर कुठलंच औषध तिला फारसं लागू पडत नाही.

राजनंदिनीचं म्हणणं एवढंच होतं, की अळी दिसत नसली तरी खाताना ऐकू येते. उसाच्या बुडाशी हातभर लांबीची पोलादी सळई रोवायची. सळईच्या डोक्यावर थरथर टिपणारं एक छोटं यंत्र चुंबकानं बसवायचं. हेडफोन लावायचे आणि तीन मिनिटांत किती आवाज येतात ते मोजायचं. अळी लहान असतानाच आवाज वाढलेला कळला तर मातीत जैविक बुरशी मिसळायची. ती बुरशी अळीच्या अंगावर वाढते आणि अळी मरते. हे खरंच होतं का, हे दाखवायचं तर सहापैकी तीन रानांत बुरशी घालायची आणि तीन रानांत काहीच घालायचं नाही. त्यांच्याशी तुलना करायची.

कुणाच्या रानात काही घालायचं नाही, ते चिठ्ठीनं ठरणार होतं. विद्यापीठातल्या संगणकावर अर्ध्या मिनिटाचं काम. पण जूनमधल्या बैठकीत आकाराम उभा राहिला. सहा जणांत बोलणारा तोच.

“कॉम्प्युटरनं काढल्याली चिठ्ठी आमी कशी मानायची, म्याडम? त्याचा आमचा काय संबंध? भैरोबाम्होरं टाका की. मग कुणाची कुरकुर न्हाय.”

राजनंदिनीनं विचार केला. चिठ्ठी टेबलावर टाकली काय आणि देवापुढं टाकली काय, सहांत तीन ही शक्यता बदलत नाही. तिच्या गाईडना तिनं तिथूनच फोन केला. ते हसून म्हणाले, “टाका. उलट लोकांचा विश्वास बसेल.”

तिनं सहा कागद पट्टी लावून सारखे कापले. तीन कागदांवर ‘बुरशी’ असं लिहिलं, तीन कोरे ठेवले, सगळ्यांना सारख्याच घड्या घातल्या. पिराजी गुरवानं त्या ताम्हनात हलवल्या आणि वर दोन फुलं टाकली. सहा जणांतल्या तानाबाईला कोरी चिठ्ठी आली. तिनं ती कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. राजनंदिनीनं वहीत लिहिलं : रान क्रमांक चार, तुलना.

तानाबाईनं त्या वेळी देवाला मनात काय विचारलं होतं, ते राजनंदिनीला जुलैत कळलं.

पाऊस दोन दिवस उघडला होता. राजनंदिनी सकाळी सहालाच रानात यायची. सातनंतर मोटारी सुरू झाल्या की जमिनीतला आवाज ऐकू यायचा नाही, आणि वारा सुटला की उसाचं पान सळईवर घासायचं. तानाबाई बांधावर गवत कापत होती. पंचावन्नची असेल. आवाज एवढा मोठा, की राजनंदिनीला आधी हात वर करून तिला गप्प करावं लागायचं.

“काय म्हणतंय रान?”

“दोन आवाज आहेत मावशी, तीन मिनिटांत.”

“दोन व्हय? मग पावणं असतील. ऱ्हात्याली दोन दिस, जात्याली.”

पलीकडच्या बांधावरनं आकाराम जात होता. तो तानाबाईचा धाकटा दीर. “काय डॉक्टरीणबाई, लागली का नाडी?” तो ओरडला.

“आधी तुमची बघते म्हणत्यात,” तानाबाईनं परस्पर उत्तर दिलं. तो हसत पुढं गेला. ती मात्र हसली नाही. विळा बाजूला ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. वीस गुंठे सात-बाऱ्यावर तिच्या नावावर होते, पण पाण्याची मोटार आकारामची, ट्रॅक्टर आकारामचा, आणि रानही तोच कसत होता. या वर्षी तिनं म्हटलं, माझं मी करणार. आकारामनं चार माणसांत सांगितलं, “करून दावा वैनी. एक पीक. हुबं ऱ्हायलं तर तुमचं रान तुमी बघा, पानी मी देतो. न्हाय ऱ्हायलं तर मी नांगर घालनार आन् तुमी वर्षाराणीकडं जायाचं.” वर्षाराणी म्हणजे तिची लेक, कबनूरला दिलेली. जावयाचे चार यंत्रमाग, मागांच्या पाठीमागं दोन खोल्या. तिथं जाऊन दिवसभर मागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरत बसायचं, आणि जावयाच्या जिवावर जेवायचं.

“मेलेलं बरं,” तानाबाई म्हणाली. “फेब्रुवारीत लावण केली ती एकटीनं. बाई लावली न्हाय. आन् चिठ्ठीच्या दिवशी भैरोबाला इचारलं, मला जमंल का रं बाबा? तर कोरी चिठ्ठी दिली त्यानं. म्हंजे काय?”

“काय?”

“म्हंजे तू कशाला हात लावू नगंस. मी हाय. मी बघतो.”

राजनंदिनी म्हणाली, “मावशी, ती चिठ्ठी म्हणजे…” आणि थांबली. तुलनेच्या रानात शेतकरी गुपचूप काहीतरी टाकतोच. मग आकड्यांना अर्थ राहत नाही. या कामातली ती जुनी डोकेदुखी. ही बाई काही टाकणार नव्हती. त्या सकाळी राजनंदिनीला मनातून बरंच वाटलं, आणि पुढं तिला तेच सगळ्यात जास्त आठवत राहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार नंबरच्या, तानाबाईच्या रानात पाच आवाज आले. चार दिवसांनी अकरा. तिनं सळया बदलून पाहिल्या, मुंग्यांचा आवाज वेगळा काढला, आणि तरी अकराच. तव्यावर तीळ तडतडावेत तसा बारीक आवाज, थांबून थांबून. बुरशी घातलेल्या तीन रानांत आकडा खाली येत होता. बाकीची दोन कोरी रानं माळावरची, मुरमाड. तिथं अळी नव्हतीच जवळजवळ. खरी जड, काळी, ओल धरणारी जमीन तानाबाईची, आणि तिच्या बांधावर चार बाभळी.

बांधाकडंच्या उसाच्या एका गड्ड्याशी तिनं खुरप्यानं खणलं. चार अळ्या निघाल्या. डोक्याची रुंदी मोजली. दुसऱ्या अवस्थेतल्या होत्या. बुरशी लागू पडायला अजून साधारण पंधरा दिवस होते.

तिनं गाईड सरांना फोन केला.

“सर, चार नंबरला बुरशी घालायची परवानगी द्या.”

“ते तुलनेचं रान आहे.”

“माहीत आहे. पण पीक जाईल.”

“भरपाईचा करार केलाय ना आपण?”

“तो उसाचा आहे, सर. त्या बाईचं रानच जाईल. ते कुठल्या करारात नाही.”

सर वाईट नव्हते. “लिहून दे,” ते म्हणाले. “मी समितीपुढं ठेवतो.”

समितीला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती तीनदा रानात गेली आणि तीनदा मोजून आली. चौदा, सोळा, एकोणीस. तिला काही सांगताही येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. तानाबाई विचारायची, “पावणं वाढल्यात काय?” आणि राजनंदिनी म्हणायची, “थोडे वाढलेत.”

दहाव्या दिवशी परवानगी आली. शहरात, शिवाजी पेठेतल्या आपल्या बोळात तिनं स्कूटरवर पायांशी बुरशीच्या भुकटीचं पोतं ठेवलं आणि सकाळच्या भुरभुरीत पावसात ती थेट वाडीवर गेली. ओल चांगली होती. बुरशीला अशीच ओल लागते.

तानाबाईनं पोत्याकडं बघितलं.

“हे कशाला?”

“तुमच्या रानात घालायचंय. परवानगी आणलीय मी. आज घातली तर वाचेल.”

“माजी चिठ्ठी कोरी हाय.”

“चिठ्ठी आम्ही रद्द केलीय, मावशी.”

“तुमी?” तानाबाई म्हणाली. “देवाची चिठ्ठी तुमी कशी रद करनार?”

राजनंदिनीनं वाद घातला नाही. तिनं तिला रानात नेलं, ओल्या सरीत एक रिकामं पोतं अंथरून बसवलं, सळईवर यंत्र बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तानाबाईनं डोळे मिटले. मग उघडले. तिनं हातानं मातीला स्पर्श केला आणि हात तसाच ठेवला.

“खात्यात व्हय?”

“हो.”

“सगळीकडं?”

“बारा ठिकाणी सळया आहेत. बाराही ठिकाणी.”

तानाबाईनं हेडफोन काढून जपून तिच्या हातात दिले. तिला सगळं कळलं होतं. समजून सांगण्यासारखं राजनंदिनीकडं काही उरलंच नव्हतं. “मी सगळ्या वाडीला सांगितलंय,” ती हळू म्हणाली, आणि तिचा हळू आवाज राजनंदिनी पहिल्यांदाच ऐकत होती. “देवानं सांगितलंय हात लावू नगं म्हणून. आता मी घातलं आन् ऊस आला, तर भावजी म्हननार, देवाला फसवून आनला. घातलं आन् न्हाय आला, तर देवाचं मोडलं म्हनून न्हाय आला. कसं बी केलं तरी चूक माजीच की गं.”

“परत विचारूया देवाला,” राजनंदिनी म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून आलं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. “आता वेगळी परिस्थिती आहे. परत विचारलं तर चालतं ना?”

तानाबाईनं विचार केला. “कौल लावू. व्हय म्हनला तर आत्ताच्या आत्ता घालू. तुज्यासंगट मी बी घालते.”

पिराजी गुरव देवळातच होता. या देवळातला कौल असा, की देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तानाबाई नळावर पाय धुवायला गेली. तेवढ्यात पिराजीनं राजनंदिनीला खांबाआड बोलावलं.

“म्याडम, कुटलं पाडू?”

“म्हणजे?”

“उजव्याला पानी कमी लावलं की उजवं पडतंय. लई वर्सं झाली, हात बसलाय. तानाबाईचं वाटोळं हुयाला नगं.” तो शांतपणे बोलत होता, जसं कुणी दार उघडू का विचारावं. “देवाची समजूत मी काढतो. तुमी फकस्त सांगा.”

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. राजनंदिनीला ते नंतर नीट मोजता आलं. नळाचं पाणी वाहत होतं, तानाबाई एक पाय धुऊन दुसरा धूत होती, एवढा वेळ होता. पण तिनं आयुष्यात कधी आकडा बदलला नव्हता. पदवीच्या वर्षाला प्रयोग फसला तेव्हाही तिनं फसलेला आकडाच वहीत लिहिला होता आणि मार्क घालवले होते. शिवाय ही बाई या देवावर विसंबून उभी होती. तिच्याच देवाच्या आड लपून तिला फसवायचं? आणि दोनांत एक ही शक्यता काही लहान नव्हे. हे सगळं एकदमच डोक्यात आलं, आणि ती म्हणाली, “नको. जसं पडेल तसं पडू दे.”

पिराजीनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. “बगा हं,” तो म्हणाला. मग त्यानं दोन्ही फुलं एकाच तांब्यात सारखी बुडवली.

तिघं उभी राहिली. तानाबाईनं मोठ्यानं विचारलं, रानात औषध घालू का. बाहेर कावळे ओरडत होते. राजनंदिनी डोळे न हलवता उजव्या फुलाकडं बघत होती. ते खांद्यावरून किंचित घसरलं आणि थांबलं. मग डावं फूल सुटलं आणि पायाशी पडलं.

“न्हाय म्हनतोय,” तानाबाई म्हणाली. तिनं हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखादं ओझं कुणी उचलून घेतल्यासारखा तो चेहरा होता.

बाहेर आल्यावर राजनंदिनीनं पिराजीला गाठलं. “परत लावता येईल?”

“वरीसभर त्योच कौल लागत न्हाय. सगळ्यांला म्हाईत हाय.” त्यानं तिच्या स्कूटरवरच्या पोत्याकडं बघितलं. “आता माज्या बी हातात न्हाय, म्याडम.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोतं घेऊन बांधापर्यंत गेली. रानात कुणी नव्हतं. दीड तासाचं काम होतं. पण प्रयोगाच्या संमतीपत्रातली पहिलीच ओळ तिनं स्वतः लिहिली होती, की शेतकऱ्याच्या संमतीशिवाय रानात काहीही केलं जाणार नाही. ती तशीच उभी राहिली आणि उजाडलं.

मग तिला एकच सुचलं. “मावशी, देवानं घालू नको म्हटलंय. काढू नको असं कुठं म्हटलंय?”

तानाबाई खदखदून हसली. “तू वकील का झाली न्हाईस गं!”

सहा सकाळी दोघींनी खुरपी घेऊन सऱ्या उकरल्या. अळ्या बादलीत टाकायच्या, बादलीत मिठाचं पाणी. कंबर धरायची, नखांत काळी माती बसायची, आणि तानाबाई प्रत्येक अळीला आकारामच्या घराण्यातलं एकेक नाव ठेवायची. “ह्यो थोरला मामा. काय खाऊन जाडावलाय बघ.” पाच बादल्या निघाल्या. सातव्या दिवशी राजनंदिनीनं सळया ऐकल्या. सव्वीस. सरीतल्या अळ्या निघाल्या होत्या. गड्ड्याच्या पोटात, मुळ्यांच्या जाळ्यात होत्या त्या तशाच होत्या, आणि तिथं खुरपं घालायचं म्हणजे ऊसच उपटायचा.

सप्टेंबरात आवाज बदलला. तीळ तडतडायचे बंद झाले. आता कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसावं तसा, सावकाश. अळी तिसऱ्या अवस्थेत गेली होती. आता पोतंभर बुरशी काय आणि देवाचा होकार काय, उपयोग नव्हता. तरी राजनंदिनी येत राहिली. यायचं कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तशी ती सळईशी बसायची आणि आकडा लिहायची. एकेचाळीस. त्रेपन्न.

पानं आधी कडेनं पिवळी पडली. मग वारा नसताना ऊस आडवा व्हायला लागला. तानाबाई एका गड्ड्याला हात लावायला गेली आणि गड्डा सहज हातात आला. खाली एक मुळी नव्हती. तिनं तो परत जागेवर ठेवला, माती ओढली, पायानं दाबली.

सरांनी सगळ्या रानांचे आकडे मागवले. राजनंदिनीनं खुरपणीचे सहा दिवसही लिहून पाठवले होते. सरांचा फोन आला. “तू अळ्या वेचल्यास? तुलनेच्या रानात? मग ते तुलनेचं उरलं नाही ना. चार नंबर काढून टाक.”

“सर, पण सगळ्यात जास्त नोंदी तिथल्याच…”

“काढून टाक.”

तिनं चार नंबरचा रकाना काढून टाकला. बाकीच्या दोन कोऱ्या रानांत अळी नव्हतीच, त्यामुळं प्रयोगातून काही सिद्धही होणार नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर आकाराम ट्रॅक्टर घेऊन आला. तो तावातावानं आला नव्हता. बांधावर चप्पल काढून आत आला, चार-पाच गड्डे उपटून बघितले, तोंडानं चुकचुक केली.

“वैनी, मी काय वैरी हाय व्हय? हरभरा टाकतो, थंडीला यील. वर्षाराणीला फोन केलाय. जावई शनवारी गाडी घिऊन येत्याली.”

तानाबाईनं उपटलेला एक गड्डा उचलून बांधावर ठेवला.

“आन् आता इसरा. दोनदा सांगितलं की देवानं. दोनदा!”

ते राजनंदिनीला सहन झालं नाही. “आकारामदादा, त्यात देवाचं काही नव्हतं. सहांतल्या तीन चिठ्ठ्या मी कोऱ्या ठेवल्या होत्या. त्या कुणालाही आल्या असत्या. तुम्हालाही. आणि ते फूल…”

“गप की गं,” तानाबाई म्हणाली.

तानाबाई राजनंदिनीच्या जवळ आली. आकारामला ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाली, “देवाचं न्हवतं म्हनू नगंस, पोरी. देवाचं न्हवतं तर मग माजं उगंच गेलं की. तसं नगं करूस.”

पिराजीनं खांबाआड काय विचारलं होतं, ते ओठांवर आलेलं राजनंदिनीनं गिळलं. ते सांगून कुणाचं काही हलकं झालं नसतं. झालंच तर तिचं स्वतःचं.

आकारामनं ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी सळया काढायच्या होत्या. दोघी सऱ्यांतून फिरल्या. तानाबाई सळई उपटायची, पदरानं माती पुसायची आणि राजनंदिनीच्या पिशवीत घालायची. शेवटची काढून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“एवढ्या सकाळी सकाळी येऊन बसलीस. पावसात भिजलीस. तुजं काम तरी झालं न्हवं नीट?”

“झालं, मावशी.”

“माजं रान येनार न्हवं तुज्या त्या कागदात? नाव न्हाय आलं तर न्हाय. पन येनार न्हवं?”

“येणार,” राजनंदिनी म्हणाली. “सगळ्यात आधी तुमचंच येणार.”

“मग बरं झालं,” तानाबाई म्हणाली, आणि बांधावर जाऊन ट्रॅक्टरला वाट करून द्यायला बाजूला उभी राहिली.